दोन कॅन पाणी

करी रोडला एका उंच इमारतीचे बांधकाम चालू होते. तिथल्या पहारेकऱ्याच्या हाती माझ्या जुन्या साहेबांनी एके सकाळी लेखी अर्ज ठेवला. 'आपल्या आवारातील एक बादली कोरडी वाळू तीन दिवसांकरिता उसनी मिळावी. काम होताच ती आहे त्या स्थितीत परत करण्यात येईल,' एवढाच मजकूर, आणि खाली पूर्ण सही. पहारेकऱ्याला मराठी वाचता येत नव्हते. त्याने तो कागद मुकादमाला दिला, मुकादमाने इंजिनिअरला. शेजारच्या चाळीतल्या कुणीतरी बांधकामाविरुद्ध तक्रार केली असावी, अशा समजुतीने इंजिनिअर घाईघाईने खाली आला, तर फाटकाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ रिकामी बादली घेऊन शांतपणे उभे होते. वाळू कशाला हवी, असे त्याने विचारले.

"भांडी घासायला," ते म्हणाले.

तीन दिवसांनी त्यांनी वाळू चाळून, उन्हात वाळवून परत नेली आणि पोच मागितली. पोच कुणी दिली नाही याची त्यांना पुढे बरेच दिवस रुखरुख होती. शिवाय ती वाळू नव्हतीच, दगडाचा भुगा होता, आणि भुग्याने टोपाला चरे पडतात, ही तक्रार त्यांनी माझ्याकडे दोनदा केली.

फोर्टातल्या आमच्या कार्यालयात ते अभिलेख विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या समोरच्याच टेबलावर सोळा वर्षे काढली. वयाने ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. राहणार लालबागचे; वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते आणि मूळ गाव कणकवलीच्या बाजूला. मी गिरगावचा, कारकुनीत तीन पिढ्या घालवलेल्या घरातला. ऑफिसात ते मला 'तुम्ही' म्हणत आणि छापल्यासारखे मराठी बोलत. चाळीच्या जिन्याची पहिली पायरी चढली की त्यांच्या तोंडी मालवणी येई, आणि मी मागून चढत असलो तर माझ्याशी पुन्हा प्रमाण मराठी सुरू होई. एकाच जिन्यात दोन भाषा चालत, आणि त्यात त्यांची कधी गल्लत झालेली मी पाहिली नाही.

त्यांचा एकच छंद होता. दरवर्षी पौषात ते रजा टाकून जैसलमेरच्या पुढे जात. आधी आगगाडी, मग एसटीसारखी एक बस, मग एका उंटवाल्याबरोबर दोन तासांची चाल. जिथे रस्ता नाही, दुकान नाही, दिवा नाही, अशा एका वाळूच्या टेकाडाच्या आडोशाला उंटवाला त्यांना सोडून जाई आणि पाचव्या दिवशी सकाळी न्यायला येई. मधल्या चार रात्री ते तिथे उघड्यावर राहत. प्रवासी कंपन्या वाळवंटात पांढरे तंबू ठोकतात, त्यांत गाद्या घालतात आणि संध्याकाळी नाचगाणी लावतात, हे त्यांना ठाऊक होते. त्याला ते लग्नाचा हॉल म्हणत. तंबू त्यांना मुळातच मंजूर नव्हता. "तंबू म्हणजे आपली खोलीच बरोबर नेणं," असे ते म्हणत.

ऑफिसात या छंदाची यथास्थित थट्टा होई. बटवडा विभागातले एक गृहस्थ दर डिसेंबरात न चुकता विचारीत, "काय, यंदा तरी माथेरान? का तिथे वाळू मिळत नाही?" त्यावर ते गंभीरपणे सांगत की माथेरानला माती चांगली आहे, पण ओली असते. वाळवंटात कशासाठी जाता, या प्रश्नाला ते माणूस पाहून उत्तर देत. मोठ्या साहेबांना त्यांनी सांगितले होते की कोरडी हवा दम्याला बरी. त्यांना दमा नव्हता. मी हा प्रश्न इतक्या वर्षांत कधी विचारला नाही. विचारण्याचा माझा स्वभाव नाही. कदाचित म्हणूनच एकदा जुन्या फायलींना नाडी बांधता बांधता त्यांनी आपणहून सांगितले, "तिथे एखादी वस्तू सापडत नसली तर ती कुठे असेल हे लगेच कळतं. कारण वस्तू सातच असतात."

त्या सात वस्तू अशा: घोंगडी, टोप, पळी, सुरी, काडेपेटी, सुतळीचे बंडल आणि त्यांच्या आईचे नऊवारी लुगडे. लुगडे दुपारच्या सावलीसाठी. खेजडीच्या झुडपाला दोन टोके आणि वाळूत पुरलेल्या काटक्यांना दोन टोके बांधली की नऊ वारांत दोन माणसे आरामात पडतात. पाणी आणि शिधा यांची गणना ते वस्तूंत करीत नसत, कारण ती संपतात.

पाण्याच्या बाबतीत त्यांचे नियम ठरलेले होते. माणशी दिवसाला चार लिटर. हे सगळे पाणी तालुक्याच्या गावातून कॅनमध्ये भरून न्यायचे. वाटेत एक ढाणी लागे, म्हणजे वाळूत एकटीच वसलेली दोन झोपड्यांची वस्ती. तिथे पावसाचे पाणी साठवण्याचे झाकणबंद टाके होते. त्या टाक्यातला थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. पहिल्या वर्षी त्यांनी तिथल्या बाईला टाक्यात दोर सोडून तळ अजमावताना पाहिले होते. "आपण हौसेने जातो," ते म्हणत. "आपल्या हौसेचं ओझं त्यांच्या टाक्यावर कशाला?" चौदा वर्षे त्यांनी हा नियम पाळला. ढाणीवरून जाताना ते लांबूनच हात जोडत आणि पुढे जात.

घरी आलेल्या माणसालाही ते पेला अर्धाच भरून देत. मागितले तर पुन्हा अर्धा, आणखी मागितले तर आणखी अर्धा. देण्यात चिकटपणा मुळीच नव्हता. मात्र स्वतः कुणाकडे काही मागितले आहे, असे मी कधी पाहिले नाही. ऑफिसात पेनातली शाई संपली तर ते दिवसभर पेन्सिलीने लिहीत. इमारतीच्या फाटकाशी त्यांनी अर्ज दिला तो याचसाठी, असे मला आता वाटते. तोंडाने मागणे त्यांना जमतच नव्हते.

निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, वैशाखातल्या एका दुपारी, करी रोडच्या पुलावर त्यांना घेरी आली. ते पायरीवर बसले आणि तासभर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी काही होतेय का म्हणून विचारले. "काही नाही, बसलोय," हे त्यांचे उत्तर. शेजारीच एक भाजीवाली पाण्याची बाटली घेऊन बसली होती. तिच्याकडे त्यांनी पाणी मागितले नाही. उन्हे उतरल्यावर ते उठले, भिंतीला धरत घरी आले आणि कुणाला काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्या भाजीवालीनेच त्यांच्या मुलीला हे सांगितले.

मुलगी परळला राहते आणि शाळेत शिकवते. आईच्या पश्चात तीच वडिलांचे सगळे पाहते. त्या वर्षी दिवाळीनंतर तिने मला घरी बोलावले. ते खाटेवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्यासमोरच, आणि त्यांना ऐकू जावे इतक्या स्वच्छ आवाजात ती माझ्याशी बोलली.

"काका, मला वाळवंटाची भीती वाटत नाही. हे मरायला टेकले तरी कुणाकडे घोटभर पाणी मागणार नाहीत, त्याची वाटते."

वर्तमानपत्र हलले नाही. मग तिने तिची अट सांगितली. यापुढे एकट्याने जायचे नाही. मी बरोबर जायला तयार असेन तर या वर्षी जाऊ द्यायला ती तयार होती. पण काहीही विपरीत घडले, अगदी एकदा जरी घडले, तरी तो प्रवास शेवटचा. आणि काय घडले ते परत आल्यावर मी तिला खरे सांगायचे. बाबा खोटे बोलणार नाहीत, पण काही बोलणारच नाहीत, म्हणून ती मला विचारणार होती.

"मान्य आहे," वर्तमानपत्रामागून आवाज आला. ऑफिसातल्या परिपत्रकाखाली सही करावी, तसा तो आवाज होता.

मला कुणी विचारलेच नव्हते. पण मी होकार दिला. मी त्या वेळी पंचावन्न वर्षांचा होतो, अविवाहित, आणि पुण्याच्या पलीकडे फारसा गेलेलो नव्हतो. त्यांच्यासाठी त्या चार रात्री काय होत्या हे मला समजले होते असे म्हणवत नाही. पण त्या गेल्या तर त्यांच्याजवळ दुसरे काही उरणार नाही, एवढे सोळा वर्षे समोर बसून मला दिसत होते.

मग माझी परीक्षा झाली. एका रविवारी मला लालबागच्या खोलीत बोलावून त्यांनी चार लिटर पाण्याची कळशी समोर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत एवढ्यात सगळे भागवा म्हणून सांगितले. तोंड धुणे, स्वयंपाक, पिणे, भांडी. ती उसनी बादलीभर वाळू याचसाठी आणलेली होती. कोरड्या वाळूने टोप आतून घासायचा, वाळू झटकायची, पुन्हा नवी वाळू घ्यायची आणि शेवटी फडक्याने पुसायचे. मी गॅलरीत बसून हे करीत असताना शेजारची म्हातारी बराच वेळ पाहत राहिली आणि मग न राहवून म्हणाली, "पावण्याक आंघोळीक पाणी पण देणत नाय, आणि म्हणे परीक्षा!"

"तू गप रव गो," आतून उत्तर गेले. "तुझ्या नळाचा पाणी वापरूक नाय."

संध्याकाळी कळशीत पेलाभर पाणी उरले होते. त्यांनी ते मोजले, मला पास केले आणि मी बरोबर न्यायला काढलेले सामान आणायला सांगितले. पुढच्या रविवारी मी ते नेले. त्यांनी खाटेवर दोन ढीग केले, एक गरजेचा आणि एक सवयीचा. गरजेच्या ढिगात माझा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, दोन जाड कपडे आणि कानटोपी राहिली. विजेरी, उशी, दाढीचे सामान आणि दोन पुस्तके सवयीत गेली. चिवड्याची पुडी हातात घेऊन ते जरा थांबले. खारट चिवडा तहान वाढवतो, म्हणून तो नेता येत नव्हता. पण टाकणेही बरोबर नव्हते. तेव्हा तो आम्ही तिथेच बसून संपवला.

वाळवंटाविषयी माझ्या मनात जे चित्र होते ते तिथे नव्हते. वाळू पिवळी नव्हती, राखाडी होती. तिच्यावर सगळीकडे काहीतरी लिहिलेले होते: किड्यांच्या रेघा, उंदरांची पावले, एका ठिकाणी सापाची वळणे. ते पोचल्या पोचल्या ही सगळी लिपी वाचत फिरले आणि मग जागा ठरवली. टेकाडाच्या माथ्यावर वारा असतो, तळाशी थंडी साचते, म्हणून मधल्या उतारावर, वाऱ्याच्या उलट अंगाला. पाठीच्या मापाचा खड्डा उकरायचा, त्यात सुक्या काटक्यांचा विस्तव करायचा, निखारे पडले की वर वीतभर वाळू ओढायची आणि त्यावर घोंगडी. तळातून रात्रभर ऊब येत राहते. तांदळाच्या पिठाचा गोळा थोड्याशा पाण्यात मळून त्याच निखाऱ्यात भाजायचा आणि राख झटकून गुळाबरोबर खायचा. हे सारे ते कसलीही गंमत करत असल्याचा आव न आणता करीत; ऑफिसात फाइल लावावी तसे. सूर्य वर येईपर्यंत बोलायचे नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, सांडलेले धान्य मुंग्यांना सोडायचे. पहिल्या रात्री मला थंडीने आणि अनोळखी शांततेने डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्री निखाऱ्यांवर वाळू किती ओढायची हे मला जमले आणि मी अगदी घरच्यासारखा गाढ झोपलो.

इथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिरगावात आमच्या चाळीत नळाला पाणी पावणेपाचला येते आणि सहाला जाते. आईच्या हातांना संधिवात जडला तेव्हापासून, म्हणजे मी तेरा वर्षांचा असल्यापासून, पाणी भरणे माझ्याकडे आहे. कालचे पिण्याचे पाणी आमच्याकडे शिळे धरतात. नळ यायच्या आधी ते मोरीत उपडे करायचे, भांडे घासायचे आणि ताजे भरायचे. एखाद्या दिवशी पाणी येणार नाही अशी सूचना असली की जास्तीचे भरून ठेवतो. पण दुसऱ्या दिवशी नळ आला की तेही ओततो. हे करताना मी कधी पूर्ण जागा नसतो. त्याची गरजच पडत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे, उजाडू लागले असताना, मी उठलो. ते टेकाडापलीकडे प्रातर्विधीला गेले होते. उरलेले पाणी दोन कॅनमध्ये होते. एकात सातेक लिटर, दुसरा भरलेला. मी पहिल्या कॅनचे बूच काढले आणि तो उपडा केला. मग दुसरा गुडघ्यावर आडवा घेतला. तो जड लागला, त्यानेही मला जाग आली नाही. जाग आली ती आवाज न आल्यामुळे. मोरीच्या जाळीतून पाणी खाली जाताना जो ओळखीचा आवाज होतो, तो होईना. वाळू पाणी पिते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. मी कॅन उभा केला तेव्हा त्याच्या तळाशी दोन लिटर उरले होते. उशाशी लिटरभराची एक बाटली होती. दोन माणसे, पाचव्या दिवशी सकाळपर्यंतचे दोन दिवस आणि तीन लिटर पाणी.

ते परत आले. मी तसाच गुडघ्यांवर बसलो होतो आणि माझ्यासमोर वाळूवर घोंगडीएवढा काळा डाग होता. त्यांनी डाग पाहिला, कॅन पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. सूर्य अजून वर आला नव्हता. तरीही ते बोलले.

"तुझ्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं रे?"

"पावणेपाचला."

त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिले, इथल्या उशिरा उजाडण्याचा मनाशी काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "थोडा उशीर झाला तुला."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटले होते, हे माझ्या फार नंतर लक्षात आले. त्या वेळी मला फक्त त्यांच्या मुलीची अट आठवत होती. विपरीत घडले होते, आणि ते मी घडवले होते. मी म्हणालो की तीन लिटरमध्ये आपण राहू. थंडीचे दिवस आहेत, दिवसभर सावलीत पडून राहिलो तर निभेल. कुणाकडे जायला नको, काही सांगायलाही नको. माझे बोलणे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. दरम्यान काळ्या डागावरची ओली वाळू त्यांनी हाताने उकरली आणि उरलेली बाटली तिच्यात पुरली, म्हणजे निदान गारवा तरी फुकट जाऊ नये.

"तीन लिटरमध्ये मी राहीन," ते म्हणाले. "तू राहशील की नाही ते मला माहीत नाही. आणि ते मला माहीत करूनही घ्यायचं नाही. चल, कॅन उचल."

ढाणी तासाभराच्या चालीवर होती. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि त्यांची चाल हळूहळू मंदावत होती. मला आधी वाटले, दमले. पण ते दम लागलेल्या माणसाचे मंदावणे नव्हते. मुलाखतीच्या खोलीकडे जाणारा माणूस जसा जिन्यातच रेंगाळतो, तसे ते होते.

काट्यांच्या कुंपणाशी ते थांबले. अंगणात एक वृद्ध बाई शेळीला पाला घालत होती. त्यांनी हात जोडले आणि त्यांच्या त्या लालबागी हिंदीत सुरुवात केली. आम्ही कोण, कुठून आलो, पलीकडच्या टेकाडापाशी किती दिवस राहणार, माझी नोकरी कुठली, हे सगळे त्यांनी क्रमवार सांगितले; आणि नेमके जे मागायचे होते त्या शब्दापाशी ते अडकले. दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. मी काही बोलावे अशी वेळ होती. पण मला वाटले, हे मी बोलता कामा नये. शेवटी त्यांनी माझ्या हातातला रिकामा कॅन घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"पानी," ते म्हणाले. "थोडा मिलेगा क्या, माँजी?"

बाईने कॅन घेतला नाही. ती त्यांच्याकडे निरखून पाहत राहिली. तिच्या बोलीतले सगळे शब्द मला कळले नाहीत. पण तिने त्यांना ओळखले होते. दर पौषात इथून जाणारा, लांबूनच हात जोडणारा, कधी अंगणात न आलेला माणूस. मग आमच्यासाठी मुद्दाम सावकाश हिंदीत ती म्हणाली, "इतने साल से निकलते हो. हम समझे, हमारे घर का पानी तुमको चलता नहीं."

तिचा रोख काय आहे हे मला कळायला क्षणभर वेळ लागला. त्यांना तेवढाही लागला नाही. कुणाच्या घरचे पाणी कुणाला चालते आणि कुणाला चालत नाही, या हिशेबातला त्याचा अर्थ त्यांना तत्काळ पोचला. त्या घराने चौदा वर्षे तो अपमान गिळला होता. जन्मभर चाळीतल्या प्रत्येक घरात जेवलेल्या त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला.

"नहीं, नहीं, वैसा कुछ नहीं," ते घाईघाईने म्हणाले. "आपके पास पानी कम रहता है. इसलिए."

"कम है तो हमारा है," बाई म्हणाली. "गिनने को तुमको किसने बोला?"

तिने तांब्या भरून आणला. ते उभ्यानेच वरून पिऊ लागले, मग थांबले, खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि तांब्या ओठाला लावून प्यायले. पूर्ण तांब्या. मग तो पुढे करून त्यांनी दुसरा मागितला. मी त्यांना न मोजता पाणी पिताना तोवर पाहिले नव्हते. टाक्यातून पाणी मी शेंदले. कॅन अर्धा झाला तेव्हा ते पुरे म्हणाले. बाईने त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मला हाताने खूण केली आणि कॅन काठोकाठ भरेपर्यंत थांबू दिले नाही.

परतीच्या वाटेवर ते दोनच वाक्ये बोलले, तीही बऱ्याच अंतराने. "चौदा वर्षं, अरे." आणि टेकाड दिसू लागल्यावर, "मला वाटत होतं, मी त्यांचं पाणी वाचवतोय."

उरलेले दोन दिवस आम्ही नेहमीप्रमाणे काढले. पाचव्या दिवशी उंटवाला वेळेवर आला, रस्त्याला लागल्यावर मी मुलीला फोन केला आणि दोघेही सुखरूप आहोत एवढेच सांगितले. परतीच्या गाडीत मात्र मला स्वस्थता नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर माझा मूर्खपणा झाकला गेला असता आणि त्यांच्या चार रात्रीही वाचल्या असत्या. गप्प राहण्यात सगळ्यांचेच भले होते. आणि गप्प राहणे मला उत्तम येते. शेवटी पालघर गेल्यावर मी त्यांना विचारले, तिला काय सांगू?

"ती विचारेल ते सांग," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

ती खोलीत आमची वाटच पाहत होती. ते हातपाय धुऊन चहा टाकायला आत गेले, ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिने मला खुर्चीत बसवले आणि स्वतः समोर स्टुलावर बसली. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारावे तसे तिने विचारले, "काका, सगळं नीट झालं?"

"नाही," मी म्हणालो.

मग मी सांगत गेलो. पाणी कसे ओतले, किती ओतले, किती उरले. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला आणि आता काय ऐकावे लागणार ते मला दिसू लागले. आत चहा उकळत होता. मी म्हणालो की मग आम्ही ढाणीवर गेलो आणि पाणी मागून आणले.

"तुम्ही मागितलंत," ती म्हणाली. तिने ते विचारलेसुद्धा नाही.

"मी नाही. यांनी."

ती स्टुलावरून उठली आणि ओट्याजवळ गेली. "बाबा, तुम्ही मागितलंत?"

ते चहा गाळत होते. "हो."

"तोंडाने?"

"हो."

"किती मागितलंत?"

"दोन तांबे प्यायलो. दुसरा मागून घेतला. मग कॅन."

मग तिने त्यांच्या हातातून गाळणे घेतले, तिसरा कप स्वतः भरला आणि डोळे पुसायचे होते ते पुसून घेतले. चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना तिचा आवाज पुन्हा शाळेतल्यासारखा झाला होता.

"पुढच्या वर्षीही जा," ती त्यांना म्हणाली. "पण काकांना घेऊन जा. पाणी ओतून टाकायला कुणीतरी हवं."

ते हसले नाहीत. कपाट उघडून त्यांनी दोन्ही कॅन आत ठेवले. मग थोडा विचार करून एक बाहेर काढला, शेजारच्या म्हातारीकडे गेले आणि तिला वापरायला देऊन आले.

पुढल्या पौषात आम्ही एकच कॅन नेला आणि वाटेत ढाणीवर थांबलो.